तोरणाची मुदत

मार्चच्या चार तारखेला, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, डेल्मर स्ट्राउड आपल्याच घराच्या पुढच्या दारासमोर उभा होता आणि हे घर आपलंच आहे ना, याची मनातल्या मनात खात्री करून घेत होता.

यात त्याचा फारसा दोष नव्हता. वाळवंटातल्या अगावे बेंड या वसाहतीत पुढच्या दाराने कोणी घरात शिरत नाही. गाडी गॅरेजमध्ये घालायची, मागे शटर पाडायचं आणि कपडे धुण्याच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात निघायचं, ही तिथली वहिवाट. पुढचं दार पाहुण्यांसाठी, आणि पाहुणेसुद्धा दुसऱ्या खेपेपासून गॅरेजनेच येतात. त्या सकाळी गॅरेजच्या रिमोटची बॅटरी संपली नसती, तर डेल्मर उन्हाळ्यापर्यंत तरी त्या बाजूला फिरकला नसता. किल्ली काढून तो दोन पायऱ्या चढला आणि त्याला दिसलं की बायकोने डिसेंबरात लावलेलं ख्रिसमसचं गोल तोरण दारावर अजून लटकतंय. पाइनची प्लास्टिकची पानं, लाल फीत, तीन सोनेरी घंटा. त्याचा हात सवयीने खिशातल्या नोटिशींच्या पॅडकडे गेला, आणि मग तिथेच थांबला.

डेल्मर गेली सहा वर्षं त्या वसाहतीच्या सोसायटीचा चेअरमन होता. बत्तीस वर्षं त्याने जमिनीची मोजणी केली होती. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्याने शेजारी मोजायला घेतले. दर मंगळवारी गोल्फची बॅटरीगाडी काढायची, मांडीवर टेप आणि पॅड ठेवायचं, आणि कुणाचं कुंपण चार बोटं उंच झालंय, कुणाच्या कचऱ्याच्या पेटीने रात्र बाहेर काढलीय, ते टिपत फिरायचं. फेरी शेजारच्या घरापासून सुरू व्हायची आणि एकशे अकराव्या घरापाशी संपायची. एकशे बारावं घर त्याचं स्वतःचं होतं.

त्याचा सगळ्यात लाडका नियम चौदावा. सणाची सजावट सणाआधी दहा दिवस लावावी, सणानंतर पाच दिवसांत उतरवावी. ख्रिसमसला मोठ्या मनाने सवलत: नंतरचे पंधरा दिवस. म्हणजे नऊ जानेवारी. समोरच्या घरात राहणाऱ्या रोसाल्बा किंतानाला हा नियम चांगलाच लक्षात होता. तिच्या अंगणात चौदा फुटी सग्वारो निवडुंग होता आणि दर वर्षी ती त्याला दिव्यांच्या माळा गुंडाळून वर लाल टोपी घालायची. निवडुंगावरून माळ सोडवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नऊ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तिने माळा उतरवल्या, दोन्ही हात काट्यांनी भरून घेतले, पण वाऱ्याने काट्यांत रुतलेली टोपी काही निघाली नाही. दहा तारखेला सकाळी आठ वाजता डेल्मर नोटीस घेऊन हजर.

"दोनच दिवस द्या, डेल्मर," ती म्हणाली होती. "भाच्याकडून उंच शिडी मागवलीय."

"आज तुमच्यासाठी अपवाद केला तर उद्या सगळ्यांसाठी करावा लागेल," डेल्मरने उत्तर दिलं होतं, आणि ते आपण फार छान बोललो असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आता मार्च उजाडला होता आणि चेअरमनच्या दारावर घंटांसकट ख्रिसमस लटकत होता. त्याने मागे वळून पाहिलं. रोसाल्बाची गाडी दिसत नव्हती. तेवढ्यात तोरण उपटून काखेत मारावं म्हणून त्याने हात पुढे केला, आणि तोरणातून काहीतरी भुर्रकन त्याच्या कानाला घासून गेलं.

"हात लावू नकोस, डेल," दाराशेजारच्या काचेच्या पट्टीतून त्याच्या बायकोचा, ग्लेंडाचा, आवाज आला. "आणि दारही उघडू नकोस. उडवलंस ना तिला?"

"कुणाला?"

"आत बघ. हळू."

तोरणाच्या खालच्या वळणात, घंटांच्या मागे, काड्या आणि कुत्र्याचे केस विणून केलेली वाटी होती. तिच्यात चार अंडी होती, फिकट निळी, बोटाच्या पेराएवढी. समोरच्या पालो व्हर्दीच्या झाडावर चिमणीएवढी एक तपकिरी फिंच पक्षीण बसून डेल्मरकडे बघत होती, आणि तिच्याशेजारी लाल डोक्याचा तिचा नवरा अंग फुगवून बसला होता.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"वीस फेब्रुवारीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू काढून टाकलं असतंस."

"मुळात नऊ जानेवारीलाच ते..."

"बघ. हेच म्हणतेय मी."

ग्लेंडाने सगळी चौकशी करून ठेवली होती. रानपाखराचं अंडी असलेलं घरटं हलवणं देशाच्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे सोसायटीचा नियम म्हणत होता काढा, आणि देशाचा कायदा म्हणत होता हात तर लावून बघा. डेल्मरने आयुष्यभर नियमांची बाजू घेतली होती. दोन नियम एकमेकांसमोर उभे राहिले तर कुणाच्या मागे उभं राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मग कमिटीकडे रीतसर अर्ज करतो," तो काचेला तोंड लावून म्हणाला. "फोटो जोडतो."

"गेल्या वर्षी क्लबच्या तलावापाशी काय झालं, विसरलास?"

तो विसरला नव्हता. तलावाच्या छत्रीखाली इवल्या हमिंगबर्ड पक्ष्याने घरटं केलं, एकाने पाहिलं, त्याने चौघांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी वसाहत फोन उंचावून छत्रीखाली. तिसऱ्या दिवशी मादी यायची बंद झाली. अंडी तशीच राहिली. ग्लेंडा दोन दिवस धड जेवली नव्हती.

"कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये," ती म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत. वचन दे."

"कधी उडतील?"

"एप्रिलचा पहिला आठवडा."

डेल्मरने दिलं वचन. बॅटरी न बदलता तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत गेला आणि कॅलेंडर घेऊन बसला. महिनाभर ते तोरण दारावर राहिलं पाहिजे, कुणाला कारण कळलं नाही पाहिजे, आणि चेअरमनकडून नियम मोडला गेला नाही पाहिजे. त्याने पट्टीने रेघा मारल्या. सतरा मार्चला सेंट पॅट्रिकचा हिरवा सण. त्याच्या आधीचे दहा दिवस म्हणजे सात तारखेपासून तोरण हिरवं करून टाकलं की कायदेशीर. प्रश्न उरला मधल्या तीन दिवसांचा.

तीन दिवस दार झाकायचं कसं? शिडी आणि ताडपत्री लावून रंगकाम चाललंय असं दाखवावं, तर रंगाला कमिटीची मंजुरी लागते, नियम नववा. गाडी आडवी लावावी, तर रस्त्यावर गाडी उभी करायची नाही, नियम सहावा. मोठी कुंडी ठेवावी, तर उंची तीन फुटांपेक्षा जास्त नको. जिकडे जावं तिकडे त्याचाच एखादा नियम हात आडवा करून उभा. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की घरमालकाने स्वतःच्या अंगणात खुर्ची टाकून बसू नये, असा नियम लिहायचा आपल्याकडून राहून गेलाय. बुधवारी सकाळी तो पायवाटेवर, दारापासून वीस फुटांवर, खुर्ची टाकून बसला आणि वर्तमानपत्र पूर्ण उघडून त्याने ते डोक्याच्या वर धरलं.

हात भरून आले की तो पान उलटायचा. दुपारी रोसाल्बा गाडीतून उतरली आणि रस्त्यापलीकडून बराच वेळ बघत राहिली.

"काय चेअरमनसाहेब, ग्लेंडानं बाहेर काढलं का?"

"ऊन खातोय."

"खा, खा. ऊन खायला अजून तरी मंजुरी लागत नाही."

संध्याकाळपर्यंत वसाहतभर बातमी झाली की स्ट्राउड नवराबायकोचं वाजलंय आणि तो बिचारा अंगणात दिवस काढतोय. गुरुवारी लोक भांडी घेऊन यायला लागले. कुणाकडे दुःख झालं, आजारपण आलं किंवा संसारात खटका उडाला, की चीजमध्ये भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं घेऊन जायचं, अशी तिथली रीत. आणि दुःखाची भांडी गॅरेजमधून नेत नाहीत, ती पुढच्या दारानेच न्यायची. डेल्मर दर वेळी खुर्चीवरून उठायचा, हात पसरून वाट अडवायचा आणि भांडं मध्येच ताब्यात घ्यायचा. त्याच्या डोळ्यांतली भीती पाहून लोकांना वाटायचं, प्रकरण फारच गंभीर आहे. शेजारचा गॉर्डी लुंडक्विस्ट, ऐंशी वर्षांचा विधुर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझ्याकडची मागची खोली मोकळी आहे, बरं का. कुत्री घोरते तेवढंच."

शुक्रवारी, सात तारखेला, तोरण हिरवं करायचं होतं. मादी दाणे टिपायला जायची तेव्हा मोजून सहा मिनिटं मिळायची. ग्लेंडा खिडकीत घड्याळ घेऊन बसली. डेल्मरने मांस भाजायचा लांब चिमटा घेतला, पायऱ्यांवर ओणवा झाला आणि एकेक करून तीन पाकळ्यांची हिरवी कागदी पानं तोरणात खोचू लागला. लाल फीत काढताना घंटा वाजली तेव्हा त्याने ती चिमट्यानेच धरून गप्प केली. चौथं पान खोचताना मागून आवाज आला.

"आज काय, दाराला जेवायला घालताय का?"

"सजावट करतोय," चिमटा पाठीमागे लपवत डेल्मर म्हणाला. "सेंट पॅट्रिकची. नियमाप्रमाणे आज पहिला दिवस."

"तुम्ही? सजावट?" रोसाल्बाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चिमट्यानं?"

"कंबर वाकत नाही हल्ली."

"आत्ता तर चांगली वाकली होती."

पुढचं जे झालं त्याचा अंदाज त्याच्या कॅलेंडरमध्ये कुठेच नव्हता. सहा वर्षांत ज्याने स्वतःच्या हाताने दारावर एक पान लावलं नाही, तो चेअरमन हिरव्या सणाची सजावट करतो, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. शनिवारी गॉर्डी गॅरेजपाशी आला.

"नवीन नियम निघाला का रे? हिरवं लावणं सक्तीचं झालं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मला सांग, किती पानं लावायची? तुझी मी मोजली, नऊ आहेत. मी नऊच लावू की कमी चालतील?"

डेल्मरने नाही म्हणून सांगितलं, पण डेल्मर नाही म्हणतो तेव्हा पुढच्या मंगळवारी नोटीस येते, हा लोकांचा जुना अनुभव. आठवडाभरात वसाहत हिरवीगार झाली. वाळवंटात, खडीच्या अंगणांत, निवडुंगांना हिरव्या टोप्या, टपालपेट्यांना हिरव्या फिती, आणि प्रत्येक दारावर मोजून नऊ पानं. एकाने तर कारंज्यात हिरवा रंग ओतला. मंगळवारच्या फेरीत डेल्मर गाडी हाकत होता आणि दोन्ही बाजूंनी लोक हात हलवून 'बरोबर आहे ना?' असं विचारत होते. सहा वर्षांत त्याला पहिल्यांदाच लाज वाटली. माणसं आपल्याला इतकी भितात, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सोळा तारखेला अंडी फुटली. ग्लेंडाने काचेतून चार उघड्या चोची दाखवल्या आणि डेल्मर त्या पट्टीसमोर तासभर उभा राहिला. पापुद्र्यासारखी कातडी, बंद डोळे, माना धरवत नाहीत, आणि तरी चोची वर. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी तो मोजे घालून, पाय न वाजवता, तिथे जाऊ लागला. तोरण आता त्याच्या अब्रूचा प्रश्न उरलं नव्हतं. ही चार पिल्लं उडाली पाहिजेत, बस्स. त्याला एवढंच हवं होतं, आणि एवढं काही त्याला बऱ्याच वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं.

बावीस तारखेला हिरव्या सणाची मुदत संपली. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीने पानं उतरवली, अगदी मिनिटाच्या हिशेबाने. फक्त एका दारावर तोरण राहिलं. डेल्मरने चिमट्याने कागदी पानं काढली आणि दाराच्या मुठीला एक पाटी अडकवली. पाटीवर लिहिलं होतं: 'एप्रिल फूल'. एप्रिलची पहिली तारीख, त्याआधी दहा दिवस म्हणजे बावीस मार्च, नंतर पाच दिवस म्हणजे सहा एप्रिल. एका दिवसाचाही खंड नाही. एप्रिल फूलला दारावर ख्रिसमसचं तोरण, हाच विनोद. कागदावर तर कुठेही फट नव्हती.

सोमवारी रोसाल्बाची लेखी तक्रार आली. दोनच ओळी होत्या: चेअरमनच्या दारावर डिसेंबरपासून ख्रिसमसचं तोरण आहे, निर्णय व्हावा. आणि डेल्मरच्याच अठराव्या नियमाप्रमाणे चेअरमनविरुद्धची तक्रार वार्षिक सभेतच घ्यावी लागत होती. ती गुरुवारी होती. त्याच सभेत चेअरमनची निवडणूकही होती.

"काय सांगणार आहेस?" ग्लेंडाने विचारलं.

"एप्रिल फूल हा सण आहे, असं सांगणार."

"आणि कोणी हसलं तर?"

"विनोदी सण आहे, हसणारच."

गुरुवारी क्लबच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या कमी पडल्या. लोक एरवी सभेला येत नाहीत, पण चेअरमनची पेशी बघायला कोण चुकवेल? डेल्मर फळ्यापाशी उभा राहिला आणि त्याने तारखा समजावून सांगितल्या. तारखांमध्ये तो कधी चुकत नसे. रोसाल्बा पहिल्या रांगेत हातांची घडी घालून बसली होती.

"एप्रिल फूल हा सण आहे?" तिने विचारलं.

"नियमात सणाची व्याख्या दिलेली नाही."

"नियम कुणी लिहिलेत?"

"मी."

हॉल हसला. गॉर्डीने हात वर केला. "मग माझ्या कुत्रीचा वाढदिवस बसतो का चौदामध्ये?"

"नाही, गॉर्डी."

"का नाही? व्याख्या नाही म्हणालास ना आत्ता?"

डेल्मर नियमांची वही चाळू लागला, आणि तेवढ्या वेळात हॉल हातातून गेला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, की ती दुसऱ्या घटस्फोटाचा दिवस दर वर्षी साजरा करते आणि त्याला माळा लावायच्या तिच्या फार मनात आहे. कुणी गिधाडं परत येण्याचा दिवस सुचवला, कुणी फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा. कुणीतरी उठून फळ्यावर यादी लिहायला घेतली. पाव तासात सतरा सण झाले आणि फळा भरला. डेल्मर बाजूला उभा राहून बघत होता. हा वाद तो जिंकला, तर चौदावा नियम गेला, वर्षभर वाटेल त्याने वाटेल ते लटकवावं. हरला, तर उद्या तोरण खाली. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं.

"ते सणबिण राहू द्या," रोसाल्बा उठून उभी राहिली. "मला एकच सांगा, डेल्मर. तोरण डिसेंबरपासून तिथं का आहे?"

डेल्मरने ग्लेंडाकडे पाहिलं. तिने कागदी पेला दोन्ही हातांत घट्ट धरला होता. 'पक्षी' एवढा एकच शब्द उच्चारला असता तरी तो सुटला असता. बाया हळहळल्या असत्या, टाळ्या पडल्या असत्या, चेअरमनपदही राहिलं असतं, आणि उद्या सकाळी पन्नास फोन दारासमोर उंचावले असते. तिसऱ्या दिवशी मादी यायची बंद झाली असती.

"विसरलो," तो म्हणाला.

"काय म्हणालात? मागं ऐकू आलं नसेल."

"विसरलो मी." या वेळी तो मोठ्याने बोलला. "आम्ही गॅरेजनं जातो-येतो. पुढचं दार मी तीन महिने पाहिलंच नाही. तुम्हा सगळ्यांची दारं पाहिली, स्वतःचं नाही. हिरवी पानं, एप्रिल फूल, ती सगळी सारवासारव होती. चूक माझी आहे." त्याने खिशातलं पॅड काढून टेबलावर ठेवलं. "पण ते तोरण मी सहा एप्रिलपर्यंत काढणार नाही. कारण विचारू नका, सांगणार नाही. चेअरमनला असं वागता येत नाही, म्हणून मी चेअरमन राहत नाही."

त्याला वाटलं होतं, हे बोलताना छाती फुटेल. उलट, एखादा घट्ट जोडा पायातून काढावा तसं झालं. गेल्या सहा वर्षांत कुणाचं कुंपण किती उंच आहे हे डोक्यात नाही, अशी एकही रात्र त्याने काढली नव्हती. आता ते ओझं टेबलावर पडलं होतं आणि त्याला ते परत उचलावंसं वाटत नव्हतं.

गॉर्डीने रोसाल्बाचं नाव सुचवलं. इतके हात वर झाले की मोजायची गरजच उरली नाही. तरी डेल्मरने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि ग्लेंडाने त्याची बाही ओढली.

"तक्रारीचा निर्णय उद्या सकाळी लेखी देईन," नव्या चेअरमनबाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे."

तो शेवटचा शब्द डेल्मर घरी पोचेपर्यंत मनात घोळवत होता. तिच्या जागी आपण असतो तर काय लिहिलं असतं, ते त्याला पाठ होतं: चोवीस तासांच्या आत उतरवावे, अन्यथा सोसायटीचा माणूस येऊन उतरवेल. आणि निवडुंगाच्या काट्यांचे वण अजून तिच्या हातांवर होते. आज तिने दोन्ही बाह्या दुमडलेल्या होत्या, तेव्हा ते त्याने पहिल्यांदा नीट पाहिले होते.

"तिला जाऊन सांगू का?" ग्लेंडाने विचारलं. "एकटीलाच?"

"नको. आज सांगितलं तर दया मागितल्यासारखं होईल. आधी मला तिची माफी मागायचीय, टोपीबद्दल. ती मागतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

सकाळी सात वाजता तो माफी मागायला निघाला, गॅरेजचं शटर वर केलं, आणि शटरच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेला कागद त्याच्याबरोबर वर गेला. तो पुन्हा खाली आणून त्याने काढला. त्याच्याच पॅडचा कागद होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून ग्लेंडाने वाचला.

"'श्री. व सौ. स्ट्राउड यांना नोटीस देण्यात येते की त्यांच्या पुढच्या दारावरचं तोरण काढण्यास सक्त मनाई आहे.'"

"पुन्हा वाच."

"'मनाई आहे. तक्रारीला पुरावा जोडायचा म्हणून मी बुधवारी माझ्या खिडकीतून मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. फोटोत लाल डोक्याचा एक गृहस्थ चोच भरून घरात शिरताना दिसला. मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सभेत तुम्ही पक्ष्याचं नाव घेतलं असतंत, तर मी तिथल्या तिथे तक्रार मागे घेणार होते. तुम्ही विसरलो म्हणालात, चूक माझी म्हणालात. एवढं ऐकायला मी दहा जानेवारीपासून थांबले होते. आता आपलं मिटलं. लोकांनी दारापाशी येऊ नये म्हणून मी पायवाटेवर खुर्ची टाकून बसेन म्हणते, तेवढी परवानगी असावी. मुदत: पिल्लं ठरवतील.'"

डेल्मरचा जीव भांड्यात पडला. त्याने कागद ग्लेंडाच्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वरून खाली नजर फिरवली.

"नियमाचा क्रमांक घातलेला नाही," तो म्हणाला.

"हो."

"मुदतीला तारीख नाही. सही चुकीच्या बाजूला आहे."

"डेल."

"नोटीस चांगली आहे, असं म्हणत होतो मी," डेल्मर म्हणाला, आणि आणखी एक खुर्ची घेऊन रस्ता ओलांडायला निघाला.